इतवारी–नागभीड छोटी लाइन: जुनी माहिती कोणाकडे आहे?

कुहीचा नातू: आजोबा कुहीहून याच गाडीने नागपूरच्या इतवारी स्टेशनला यायचे. ही लाइन कधी सुरू झाली आणि बंद का केली?

मोतीबागवाला: बेटा, ही बंगाल नागपूर रेल्वेची लाइन, १९०८ ची. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. उमरेड, भिवापूर करत शंभरावर किलोमीटर जाऊन नागभीडला पोचायची. तिथे गोंदिया–बल्लारशा लाइन मिळते. तीही आधी छोटीच होती, पण नव्वदच्या दशकात मोठी झाली. मग आपली लाइन दोन्ही टोकांना मोठ्या रुळांमध्ये अडकली. डबे पुढे जाऊ शकत नव्हते, माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी गाडी थांबवली. रुंदीकरण हवंच होतं, यात मला शंका नाही. पण भिवापूरच्या मिरचीची पोती घेऊन चढणाऱ्या बायांसाठी दुसरी तितकी स्वस्त सोय नव्हती, हे मला आजही बोचतं.

उमरेडची लेक: काका बरोबर सांगताहेत. एसटीत पोतं ठेवायलाच जागा कुठे असते! छोट्या गाडीत बसायला मिळो न मिळो, सामान मात्र चढायचं.

कुहीचा नातू: धन्यवाद काका. ती जुनी इंजिनं आता कुठे बघता येतील?

मोतीबागवाला: नागपूरच्या मोतीबागेतच. २००२ पासून तिथे नॅरोगेज, म्हणजे छोट्या लाइनचं, संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा. आजोबांच्या तिकिटांपैकी एखादं घरात सापडलं तर जपून ठेव, इथे फोटो टाक.