जाळीचं ऑपरेशन होऊन ११ वर्षं झाली, आता त्रास, केस करता येते का? (इंग्लंड)

लेस्टरकर_सायली
विषय अवघड आहे म्हणून वेगळा आयडी काढून लिहितेय. दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकलं शिंकलं की लघवी व्हायची, म्हणून २०१४ मध्ये इथे एनएचएसमध्ये (सरकारी हॉस्पिटलात) टीओटी टेप, म्हणजे लघवीच्या नळीखाली आधाराला जाळीची पट्टी, बसवली. छोटंसं काम, संध्याकाळी घरी, असं सांगितलेलं आणि लघवीचा त्रास थांबला हे खरंय. पण आता काही वर्षं उजव्या जांघेत आतून कळ येते, गाडीतून उतरताना पाय उचलवत नाही, सारखं युरिन इन्फेक्शन, आणि लाज वाटते सांगायला पण संबंधांच्या वेळी नवऱ्यालाच काहीतरी टोचलं, चक्क ओरखडा आला. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, आधी म्हणे मेनोपॉज, मग म्हणे पाठ. शेवटी मार्चमध्ये एका लेडी डॉक्टरने तपासून सांगितलं की जाळी आतली त्वचा फाडून बाहेर आलीय. काढून टाकावी का? आणि केस? एका वकिलाच्या ऑफिसात फोन केला तर दहा वर्षं उलटली, काही होणार नाही म्हणून ठेवून दिला.

मीनाक्षी६१
लाजायचं काय त्यात बाई, आम्ही लाजलो म्हणूनच वर्षं गेली. माझी काढलीय. पण घाई करू नकोस, बसवायला सोपी तेवढी काढायला नाही, मांस त्या जाळीच्या भोकांमधून वाढलेलं असतं आणि टीओटी तर मांडीकडे गेलेली. जीपीला सांग मेश सेंटरलाच, म्हणजे जाळीच्या त्रासाच्या खास केंद्रालाच, रेफर करा, लंडन, शेफील्ड, ब्रिस्टलला आहेत, जिथे बसवली तिथेच परत जायची सक्ती नाही. आणि आधी विचार, अर्धी काढणार की पूर्ण. माझी कळ बरीच कमी झाली पण लघवी परत सुरू झाली, पॅड लावते.

अॅड_देशपांडे
त्या ऑफिसने अर्धंच सांगितलं. दहा वर्षांची मर्यादा आहे ती कंपनीवरच्या दाव्याला, १९८७ च्या कन्झ्युमर प्रोटेक्शन अॅक्टखाली, आणि ती तुमच्या ऑपरेशनपासून नाही तर ती वस्तू कंपनीने बाजारात दिली तेव्हापासून, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो रस्ता बंदच धरा. पण हॉस्पिटलवर, म्हणजे धोके सांगितले नाहीत, दुसरे पर्याय दिले नाहीत, यासाठी तीन वर्षं मिळतात आणि ती आपल्याला इजा आणि तिचं कारण कळलं तिथून मोजतात. समोरचे म्हणणार की २०१८ ला सरकारने या ऑपरेशनांवर बंधन आणलं, २०२० ला जाळीच्या त्रासावर कंबरलेज यांचा रिपोर्ट आला, टीव्हीवर सगळं होतं, तेव्हाच कळायला हवं होतं. म्हणून मार्चमध्ये त्या डॉक्टरने काही लेखी दिलं असेल तर ते जपा, आणि जीपीने मेनोपॉज म्हटल्याच्या नोंदीही, त्या तुमच्याच कामाच्या आहेत. संमतीबद्दल २०१५ चा माँटगोमेरी निकाल आहे, महत्त्वाचे धोके आणि पर्याय पेशंटला सांगायलाच हवेत असा.
आजच हॉस्पिटलला ईमेल करून पूर्ण रेकॉर्ड मागा, फुकट असतं, साधारण महिन्यात द्यावं लागतं. ऑपरेशन नोट्सच्या पानावर जाळीचा स्टिकर चिकटवलेला असतो, कंपनी आणि लॉट नंबर. सहीचा फॉर्मही बघा, धोक्यांच्या रकान्यात काय लिहिलंय ते. मग क्लिनिकल नेग्लिजन्सचाच (डॉक्टरी हलगर्जीपणाच्या केसेसचा) वकील गाठा, एव्हीएमए नावाची संस्था फुकट सल्ला देते.

डॉ_कुलकर्णी_गायनॅक
वकीलसाहेबांशी सहमत, पण जाळी म्हणजे विषच असं कोणी धरू नका. हर्नियाला हेच पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक वापरतात आणि टेपने लाखो बायकांचं बरं चाललंय. अमेरिकेत एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारं सरकारी खातं) २०१९ ला विक्री थांबवली ती अंग बाहेर येतं त्यासाठी योनीतून बसवायच्या जाळीची, लघवीच्या टेपची नाही. सायली, एमआरआयमध्ये नाही दिसलं म्हणून कोणी परत पाठवलं तर ऐकू नका, त्यात ती नीट दिसत नाही, योनीच्या बाजूने सोनोग्राफी लागते. आणि सारखं इन्फेक्शन आहे तर सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने तपासणी) करून जाळी मूत्राशयात घुसली नाही ना ते बघायलाच हवं, केसचं नंतर.

पॅचवर्क
टेपने बरं चाललंय हे तुम्ही डॉक्टर लोक म्हणता, फॉलोअप किती जणींचा ठेवता हो?

डॉ_कुलकर्णी_गायनॅक
बरोबर आहे, तिथेच बोंब आहे. पेशंट परत आली नाही की बरी झाली असं धरतात.

नाशिकची_रेवा
माझ्या आईची इकडे प्रायव्हेटमध्ये झालीय, तिलाही असंच टोचतं. इकडे काय करता येतं?

अॅड_देशपांडे
भारतात ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं, उशीर झाला तर कारण देऊन माफ करून घेता येतो. २०१९ च्या कायद्यात उत्पादकाची जबाबदारीही आहे. केसपेपर लेखी मागा, डॉक्टरने ७२ तासांत द्यायचे असतात, पण तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे तेव्हा उद्याच जा. डिस्चार्ज कार्डाच्या मागे स्टिकर आहे का बघा, नसेल तर बिलात इम्प्लांटचं नाव सापडतं कधीकधी.