मंडळाच्या खोलीला दोन कुलपं लागलीत, गल्ली परत एकत्र कशी आणायची?

खजिनदार_गल्लीचा

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, मोठं होईल पण कृपया पूर्ण वाचा.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, क वर्ग नगरपरिषद. गाव म्हणा नाहीतर शहर म्हणा, सगळे सगळ्यांना ओळखतात. आमच्या गल्लीचं मंडळ वडिलांच्या पिढीनं सुरू केलेलं, मी सहा वर्षं खजिनदार आहे. निवडणुका रखडल्या त्या काळात नगरपरिषदेवर चार वर्षं प्रशासक होता, नगरसेवक कुणीच नाही, आणि खरं सांगतो त्या चार वर्षांत आमची गल्ली जेवढी एक होती तेवढी कधीच नव्हती. पाणी चार दिवसाआड यायचं तर आम्ही पन्नास-साठ जण मिळून मुख्याधिकाऱ्यांकडं जायचो, गटार तुंबली तर वर्गणी काढून जेसीबी आणला, कोण कुठल्या पक्षाचा हे कुणी विचारत नव्हतं.

मग २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. आमच्या प्रभागात सर्वसाधारण जागेवर आमच्याच मंडळाचे दोघं समोरासमोर उभे राहिले, एक अध्यक्ष आणि एक माजी अध्यक्ष. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले. निकाल २१ तारखेला लागला, मधले एकोणीस दिवस कोण कुणाला फुटलं याच्याच चर्चा, आणि शेवटी अध्यक्ष ३१ मतांनी आला. ३१ मतं म्हणजे आमच्याकडं सात-आठ घरं हो. त्या दिवसापासून प्रत्येक जण ती सात-आठ घरं शोधतोय.

आता शिवजयंतीवरून सुरू झालंय. एक गट म्हणतो १९ फेब्रुवारीलाच करायची, दुसरा म्हणतो तिथीनं, म्हणजे ६ मार्चला. आजपर्यंत तारखेनं व्हायची, कुणाची तक्रार नव्हती, तिथी आत्ताच आठवली. पावती पुस्तकं पण दोन छापून झाली, एकाच नावाची.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. मंडळाची एक खोली आहे, त्यात चार मोठी पातेली, दोनशे ताटं, पाण्याचे पिंप, बारा सतरंज्या. लग्न असो, मयत असो, गल्लीत कुणालाही फुकट मिळायचं, फक्त धुऊन आणून द्यायचं. निकालानंतर एका गटानं कुलूप बदललं, दुसऱ्यानं त्याच कडीत आपलं दुसरं लावलं. मागच्या आठवड्यात गल्लीतल्या एक आजी गेल्या, ८६ वर्षांच्या. रात्री अकरा वाजता माणसं जमायला लागली आणि अंगणात टाकायला सतरंजी नाही. मी दोघांना फोन लावला. एक म्हणाला त्याला आधी काढायला सांग, दुसरा पण तेच म्हणाला. शेवटी लोक नुसत्या फरशीवर बसले, जानेवारीची थंडी, आजींच्या बहिणीला कुणीतरी बेडशीट आणून दिली. मी आजींचं पीठ दळून आणून मोठा झालोय, मला त्या रात्री तिथं मान वर करता आली नाही.

दोघांच्या वरचे नेते मोठे आहेत, तालुक्याचे. काही जण म्हणतात त्यांना सांगून समझोता करा. मला नाही पटत पण दुसरं सुचत पण नाही. ज्यांच्याकडं असं काही झालं आणि मिटलं त्यांनी सांगा.

---

शिरोळकर

भावा, आजींचं वाचून वाईट वाटलं. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडजवळचा, म्हणून आमच्याकडचं सांगतो. कुरुंदवाडात मशिदीत गणपती बसतो, एका नाही, पाच मशिदींत. बाहेरच्या माणसाला नवल वाटतं, आम्हाला नाही, आम्ही लहानपणापासून बघतोय. २०१८, १९ आणि २० ला मोहरम आणि गणपती एकत्र आले, तेव्हा पीरपंजे आणि गणपती एकाच छताखाली होते. हे दरवर्षी होत नाही, चांद्रवर्ष ११ दिवसांनी छोटं आणि मुस्लिम पंचांगात अधिक महिना धरत नाहीत म्हणून साधारण ३३ वर्षांनी सण फिरून भेटतात. म्हणजे ज्यांनी आधीचं बघितलं ते म्हातारे झालेले असतात आणि नवीन पोरांना सांगायला तेच लागतात. वाळवा तालुक्यात गोटखिंडीत पण १९८० पासून मशिदीत गणपती आहे.

पण तुला एक सांगतो, हे भाषणांनी टिकलेलं नाही. मांडव कोण घालतो, रात्री राखणीला कोण झोपतो, आरतीला ताट कुणाच्या घरून येतं, ही कामं वाटलेली आहेत आणि ती वर्षानुवर्षं त्याच माणसांकडं आहेत. नेता बदलला तरी राखणीला झोपणारा बदलत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा आम्ही शाळेत दहा दिवस होतो, भात शिजवायला जी पातेली आली ती कुणाच्या मांडवातली, कुणाच्या उरुसातली हे मला अजून माहीत नाही, खिचडी मात्र सगळ्यांनी खाल्ली. त्यामुळं तुमच्या गल्लीत खरी दुखरी जागा शिवजयंती नाहीच, ती खोली आहे. आधी खोली सोडव, तारखेचं मागून बघ.

नेत्यांना अजिबात बोलवू नको. ते आले की फोटो होणार आणि समझोता त्यांचा होणार, तुमचा नाही.

---

मास्तर_निवृत्त

वर शिरोळकरांनी छान लिहिलं आहे, तरी थोडा वेगळा विचार मांडतो. मी ३२ वर्षं नगरपालिकेच्या शाळेत शिकवलं, आता पेन्शनर. प्रेमानं मिटतं हे खरं, पण कागद नसेल तर पुढच्या निवडणुकीला परत तुटतं. खजिनदार, तुमचं मंडळ नोंदलेलं आहे का ते आधी बघा. नोंदणी असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली विश्वस्तांची नावं धर्मादाय कार्यालयात असणार, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. बहुतेक मंडळांत हा अर्ज वर्षानुवर्षं दिलेलाच नसतो, कागदावर अजून वारलेल्या माणसांची नावं असतात. तसं असेल तर आज अध्यक्ष कोण आणि माजी कोण हा वाद कागदावर उभाच राहत नाही, दोघंही तितकेच अनधिकृत.

आणि नोंदणी नसेल तर वर्गणी गोळा करायला कलम ४१ क प्रमाणे परवानगी लागते. दोन पावती पुस्तकं एकाच नावानं फिरवली आणि कुणी तक्रार केली तर दोन्ही गट अडकतील, तुम्ही खजिनदार म्हणून पहिले अडकाल. हे मी भीती घालायला सांगत नाही. तुमच्याकडं सही आहे, बँकेचं खातं आहे. दोघांना लेखी कळवा की दोन्ही पुस्तकं जमा होईपर्यंत तुम्ही एकही रुपया खात्यात घेणार नाही आणि काढणार नाही. पद सोडू नका मात्र, रागानं राजीनामा दिलात तर मधला माणूसच संपला.

---

भिवंडीवाला

मास्तरांशी सहमत पण कागद नंतर. मी भिवंडीत वाढलो, घरात यंत्रमाग होते. आमच्या शहरानं १९७० आणि १९८४ ला दंगली बघितल्या, ८४ ला मी सात वर्षांचा होतो. आणि त्याच भिवंडीत १९९२ च्या डिसेंबरात आणि ९३ च्या जानेवारीत, शेजारी मुंबई जळत असताना, शांतता राहिली. त्यामागं मोहल्ला कमिट्या होत्या, तेव्हाचे पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी सुरू केलेल्या.

त्यात खरी गोम ही की कमिटीत नेते नव्हते. आमच्या वडिलांसारखी माणसं होती, मागवाले, दूधवाला, चहाची टपरीवाला. आणि बैठक काही घडल्यावर नाही तर काही घडलेलं नसताना व्हायची. वडील जेवून जायचे आणि काय बोलणं झालं विचारलं तर सांगायचे नळाचं झालं, भाडेकरूचं भांडण मिटवलं, असलंच. मला लहानपणी वाटायचं याला काय अर्थ आहे. पण अफवा आल्या तेव्हा वडिलांना माहीत होतं पलीकडच्या मोहल्ल्यात कुणाच्या दारावर जाऊन विचारायचं, आणि त्या माणसाला वडिलांचं नाव माहीत होतं.

तुमचं भांडण तेवढं मोठं नाही, देवाची कृपा. पण मार्ग तोच आहे असं मला वाटतं. दोघा उमेदवारांना मध्यभागी बसवून तोडगा काढू नका. ज्यांनी निवडणुकीत कुणाचाच झेंडा घेतला नाही अशी सात-आठ माणसं शोधा, प्रत्येक गल्लीत असतातच, आणि महिन्यातून एकदा बसा, विषय नसला तरी.

---

बचतगट_ताई

सगळे पुरुष बोलले म्हणून मी पण लिहिते 🙏 मी नगर जिल्ह्यातली. खजिनदार दादा, एक विचारू का, ती पातेली आणि सतरंज्या आजपर्यंत खरं सांभाळल्या कुणी? धुतल्या कुणी, उन्हात टाकल्या कुणी, कुठल्या पातेल्याला कल्हई नाही हे माहीत कुणाला? आमच्याकडं तरी ते सगळं बायका करतात आणि चावी पुरुषांच्या खिशात असते.

आमच्या वॉर्डात पण निवडणूक झाली, आमच्या बचत गटातल्या अकरा जणींचे नवरे दोन पॅनेलमध्ये वाटले गेले होते, काही जणींच्या घरी तर जाऊबाई एका बाजूला आणि ह्या एका बाजूला. तरी आमची महिन्याची बैठक एकदाही चुकली नाही कारण कर्जाचा हप्ता कुणाच्या पॅनेलसाठी थांबत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू पण एकत्रच केलं. आमच्या पेटीची पद्धत अशी आहे की पेटी एकीकडं आणि चावी दुसरीकडं, दर वर्षी बदलते. एकटीला उघडताच येत नाही, आणि म्हणूनच कुणावर संशय येत नाही. तुमच्या खोलीला दोन कुलपं लागली त्यात दोन कुलपं वाईट नाहीत, दोन्ही चाव्या एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांकडं आहेत ते वाईट आहे.

तुम्ही असं करा, भांड्यांची आणि सतरंज्यांची यादी करा आणि तेवढं सामान मंडळातून वेगळं काढून गल्लीतल्या बायकांच्या ताब्यात द्या. मंडळाची मूर्ती, ढोल, बॅनर काय ते तुम्ही नंतर वाटा नाहीतर भांडा. मयताला सतरंजी लागते तिचा शिवजयंतीशी काय संबंध. आणि हे सांगायला तुम्ही एकटे जाऊ नका, त्या दोघांच्या आईंना घेऊन जा. दोघं एका ताटात जेवलेत म्हणालात ना, मग ते ताट वाढलं कुणी?

---

शिरोळकर

ताई एक नंबर. हेच करा. आणि घाई कर भावा, आत्ता जानेवारी आहे. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळं गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे साडेसात महिने मिळतात. पण शिवजयंती दोन झाल्या की गणपती पण दोन होणार हे नक्की धर, एकदा मूर्ती दोन आल्या की मग एक करणं फार अवघड, कोणती मूर्ती बंद करायची हे कुणाच्या तोंडून निघत नाही.

---

खजिनदार_गल्लीचा

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण तेच करत होतो.

मास्तर, नोंदणी आहे, १९९१ ची. नावं बघितली तर सातपैकी पाच जण हयात नाहीत, त्यात माझे वडील आहेत. तो कागद बघून मी बराच वेळ तसाच बसलो. बदल अर्ज कधीच दिलेला नाही. दोघांना तुम्ही सांगितलं तसं पत्र दिलं, एकानं पुस्तक परत केलं, दुसरा म्हणाला बघतो.

ताई, काल संध्याकाळी दोन्ही काकूंना भेटलो. मला वाटलं होतं समजवावं लागेल. निवडून आलाय त्याच्या आईनं मला पुढं बोलूच दिलं नाही, म्हणाल्या त्या रात्री मी पण फरशीवरच बसले होते रे. तिथूनच चपला घालून दुसऱ्या काकूंच्या दारात गेल्या. मी बाहेर थांबलो. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही पण अर्ध्या तासानं दोघी एकदमच बाहेर आल्या आणि एक चावी माझ्या हातात दिली. दुसरी चावी त्यातल्या एका काकूंच्या मुलाच्या गाडीच्या जुडग्यात आहे, तो पुण्याला गेलाय, शनिवारी येतोय. येईल तेव्हा देईल की नाही हे मी आत्ता छातीठोक सांगू शकत नाही. शिवजयंतीचं तर कुणी काढलंच नाही.

रविवारी सकाळी दहाला पारावर बसायचं ठरलंय, दोन्ही उमेदवार सोडून. भिवंडीवाले दादा, तुम्ही म्हणता तशी सहा नावं झालीत, त्यात रिक्षावाले आहेत, पिठाच्या गिरणीवाले आहेत आणि तिघी बायका. ताई, तुमच्या गटात सामानाची नोंद कशी ठेवता, वहीचा एखादा फोटो टाकाल का? नेताना सही, आणताना सही एवढंच की अजून काही? शनिवारच्या आत मिळालं तर तशीच वही आखून ठेवतो.