अनुभव धागा : आपल्या तालुक्याच्या कला महाविद्यालयात काय काय घडलं?

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हटलं की कॉलेजचं सगळं कर्तृत्व फाईलला लागतं. किती चर्चासत्रं, किती पेपर, किती पीएचडी. त्यातल्या एकेका नोंदीमागे काय घडलं होतं ते इथे लिहा, अशी विनंती आहे. नागपूर (१९२३), अमरावती (१९८३) किंवा गोंडवाना (२०११), कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न ग्रामीण कॉलेज चालेल. प्राध्यापक, विद्यार्थी, पालक, कर्मचारी, सगळ्यांनी लिहा. नावं नकोत, तालुका पुरे.

माजी विद्यार्थिनी, दर्यापूर
आमच्या मॅडम पीएचडीसाठी जात्यावरच्या ओव्या गोळा करत होत्या. बीएच्या आम्हा पोरींना त्यांनी आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांकडे पाठवलं. माझी आजी खाटेवर बसून दोन ओव्या म्हणाली आणि अडली. "खुंटा हाती नसन तं ओवी कशी येईन वं माय?" दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. परसातलं जातं धुतलं, पसाभर ज्वारी घातली, आणि आजीनं खुंटा धरल्याबरोबर ओव्या लागल्या. भावाच्या, पंढरीच्या, बाळंतपणाच्या. एक सासऱ्यावरची होती, ती ऐकून आई आत निघून गेली. जात्याची घरघर रेकॉर्डिंगमधून काढायची नाही असं मॅडमनी ठरवलं, कारण ओवीची चाल त्या फेऱ्यावरच बसते. प्रबंधात प्रत्येक ओवीखाली म्हणणारीचं नाव आणि गाव छापलंय. आजी आता नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं नाही, प्रबंधात लागलं.

माजी विद्यार्थी, यवतमाळ जिल्हा
ताई, सातबाऱ्याचं वाचलं म्हणून लिहितो. आमचे समाजशास्त्राचे सर आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या बायांची पाहणी करत होते, प्रश्नावल्या आम्ही भरायचो. प्रकरण पात्र ठरलं की अपात्र, सरकारी मदतीचे १ लाख मिळाले का, असं विचारता विचारता जमीन कोणाच्या नावावर हा प्रश्न यायचा. उत्तर बहुतेक घरी एकच. सासऱ्याच्या, नाहीतर गेलेल्या नवऱ्याच्या. वारस नोंद करायची असते हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी प्रश्नावल्या बाजूला ठेवायला लावल्या. गाव नमुना ६ क म्हणजे वारस नोंदवही, त्यावरून फेरफार, मग सातबारा, हे फळ्यावर काढून समजावलं आणि आम्हाला अर्ज लिहायला गावोगाव धाडलं. मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र घेऊन मी दोन काकूंसोबत तलाठ्याकडे गेलो. एकीचं नाव चढलं. दुसरीच्या दिरांनी हरकत घेतली, ते भांडण पुढे तहसीलात गेलं. या सगळ्यात सरांचा पेपर रखडला आणि बढतीही लांबली. माझ्या लेखी सरांची सगळ्यात मोठी कामगिरी हीच.

मराठीचा प्राध्यापक, मोर्शी
रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू, त्यांचं गाव, आणि आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालंय. लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा जुना मराठी ग्रंथ, पोरांना परीक्षेपुरतं वाटायचं. आम्ही डॉ. वि. भि. कोलते यांची १९७८ ची संपादित प्रत घेऊन रिद्धपूरला गेलो आणि तिथेच वाचन केलं. कोलते मूळचे बुलडाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे, पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, म्हंजे आपल्याइकडचेच." त्याच पोरानं पुढे महानुभावांच्या सकळ या सांकेतिक लिपीवर एमएचा प्रकल्प केला. मठातल्या एका बाबांनी त्याला पोथी समोर ठेवून अक्षरं गिरवायला शिकवलं. ते माझ्याच्यानं झालं नसतं.

पालक, शेतकरी, वाशीम जिल्हा
माझी मुलगी आविष्कार या संशोधन स्पर्धेला विद्यापीठात गेली होती, मानव्यविद्या आणि भाषा गटात. बंजारा तांड्यावरच्या भरतकामावर तिचं पोस्टर होतं. नंबर लागला नाही. पण परीक्षकांच्या समोर ती न अडखळता बोलली, हे मी दारातून पाहिलं. तिच्या मॅडमनी तीनदा तयारी करून घेतली होती. एवढंच सांगायचं होतं.

तासिका तत्त्वावर, नाव-गाव नको
सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झाली, पीएचडी झाली. अजून तासिकेवरच आहे, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरतेच पैसे. सुटीचे पैसे नाहीत, चर्चासत्राची नोंदणी फी आणि एसटीचं भाडं खिशातून. माझे पेपर कॉलेजच्या फाईलला लागतात आणि मी दरवर्षी नव्याने मुलाखतीला बसतो. काम सोडलेलं नाही. आमच्या भागातल्या पांदण रस्त्यांचा इतिहास जुन्या गावनकाशांवरून लिहितोय, पोरं हौसेनं सोबत येतात.

धागाकर्ता
सर, हे लिहिलंत ते बरं केलं. प्राध्यापकांच्या कामगिरीचा हिशेब मांडताना तासिकेवरच्या माणसांचं काम कॉलेजच्या नावावर जमा होतं आणि माणूस मात्र बाहेर राहतो. हे चुकीचं आहे, आणि ते प्रत्येक सभेत बोललं गेलं पाहिजे.

वडसा, गडचिरोली जिल्हा
दिवाळीनंतर आमच्याकडे नाटकांचा हंगाम. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, नाहीतर मंडई म्हणजे जत्रा, रात्री नाटक, ते पार पहाटेपर्यंत. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या रंगभूमीचे, कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कॉलेजनं दंडार या इथल्या लोकनाट्यावर चर्चासत्र ठेवलं. आमच्या सरांनी संस्थेकडे हट्ट धरला की दंडारीतल्या कलावंतांना बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकांइतकंच मानधन मिळेल आणि प्रमाणपत्रावर 'साधन व्यक्ती' असं लिहिलं जाईल. दोन बैठका त्यावरच गेल्या. शेवटी संस्थेनं मानलं.

धारणी, मेळघाट
कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. पहिल्या वर्षाच्या कोरकू पोरांना मराठीत उत्तर लिहिताना काय अडतं, यावर आमच्या मॅडमनी अभ्यास केला आणि त्यांच्यासाठी कोरकू-मराठी शब्दांची वही तयार करून घेतली, पोरांकडूनच. ती वही आता झेरॉक्सवर चालते. कोणी छापणार असेल तर सांगा.

ग्रंथपाल, दर्यापूर
वरच्या ओव्यांच्या प्रबंधाबद्दल मला फोन येतायत, म्हणून इथेच लिहितो. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून पीएचडीच्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर विद्यापीठ आणि विषय टाकून शोधा. रेकॉर्डिंग शोधगंगेवर नाही, ते आमच्या ग्रंथालयात आहे. पेन ड्राइव्ह घेऊन या, शनिवारी दुपारपर्यंत मी असतो. आणि घरी ओव्या म्हणणारं कोणी असेल तर त्यांनाही घेऊन या, जातं इथे आहे.