मदत हवी आहे: आप्पांना जुहूला न्यायचंय. पृथ्वी थिएटर, समुद्र आणि दुखरे गुडघे

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी,

आम्ही साताऱ्याचे. माझे वडील, आप्पा, ७४ वर्षांचे आहेत आणि आई ६९. दोघांना नोव्हेंबरात दोन दिवसांसाठी मुंबईत जुहूला न्यायचंय. मागच्या खेपेला घोळ झाला होता, तसा या वेळी होऊ द्यायचा नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

जुहू म्हटलं की लोक नटांचे बंगले आणि पंचतारांकित हॉटेलांच्या गोष्टी काढतात. आम्हाला त्यातलं काही नको. आप्पांना पृथ्वी थिएटरला एक नाटक बघायचंय. आईला वाळूत निवांत बसायचंय आणि इस्कॉनच्या मंदिरात आरतीला थांबायचंय. एवढंच.

आप्पांना पृथ्वीच का, ते सांगते. आप्पा मूळचे रहिमतपूरचे. नोकरी सांभाळून त्यांनी पंचवीसेक वर्षं हौशी नाटकं केली, राज्य नाट्य स्पर्धेत उतरले, शाहू कला मंदिरात प्रयोग केले. त्यांच्या कपाटात एका भूमिकेची हातानं उतरवलेली नक्कल अजून जपून ठेवलेली आहे. वहीच्या पानांवर निळ्या शाईत त्यांची वाक्यं, समोरच्याचं शेवटचं वाक्य लाल पेन्सिलीनं, आणि समासात जागोजागी ‘इथे थांब’ असं स्वतःलाच बजावलेलं. कसर लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्या घालून ठेवतात आणि दर दिवाळीला गोळ्या बदलतात.

तर पृथ्वी आणि रहिमतपूरचं नातं असं. नाटककार गो. पु. देशपांडे लहानाचे मोठे झाले रहिमतपुरात. शशी कपूर आणि जेनिफर यांनी जुहूला पृथ्वी थिएटर बांधलं, ते ५ नोव्हेंबर १९७८ ला सुरू झालं गोपुंच्याच ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’च्या हिंदी प्रयोगानं. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी त्यात होते. आणि ५ नोव्हेंबर म्हणजे आपला मराठी रंगभूमी दिन. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण म्हणून पाळतात तो. आप्पा हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात: “आमच्या गावच्या माणसाच्या नाटकानं दार उघडलंय त्या थेटराचं.”

आता मागच्या खेपेचं. २०१९ मध्ये मी त्यांना कारनं घेऊन गेले. खंबाटकीच्या बोगद्यापासूनच गाड्या तुंबलेल्या, पुढे एक्स्प्रेस वेवर अपघात झालेला, मुंबईत शिरल्यावर तर विचारू नका. आम्ही पृथ्वीच्या दारात पोचलो तेव्हा प्रयोग सुरू होऊन चार-पाच मिनिटं झाली होती. तिथे उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, तिकिटावरही तसं लिहिलेलं होतं. चूक आमचीच. मी विनवण्या करायला निघाले तर आप्पांनी हात धरला. म्हणाले, “काही बोलू नकोस. तिसरी घंटा झाली की दार बंदच पाहिजे. आम्हीपण कुणाला सोडत नव्हतो.” मग बाहेरच्या कॅफेत बसून सुलेमानी चहा घेतला. चहा निवत होता आणि आप्पा दाराकडे बघत होते. ते मला आजतागायत विसरता आलेलं नाही.

त्या रात्री जिथे उतरलो तीही जागा फसवी निघाली. नाव घेत नाही. फोटोत खिडकीतून समुद्र होता, प्रत्यक्षात शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. पैसे मात्र समुद्राचेच घेतले.

त्यानंतर करोना आला, मग आप्पांच्या गुडघ्यांनी डोकं वर काढलं. आता काठी लागते. डाव्या कानानं जवळजवळ ऐकूच येत नाही, उजवा चांगला आहे. यंदा स्वतःहून म्हणाले, “एकदा जाऊन येऊ, बाई.” ते कधी काही मागत नाहीत हो.

म्हणून विचारते. सातारहून कसं यावं? कारचा धीर होत नाही. जुहूत आमच्या खिशाला परवडेल असं राहायला नाहीच, मग जवळपास कुठे राहावं? पृथ्वीत बसायची सोय कशी आहे, एका कानानं ऐकणाऱ्यानं नेमकं कुठे बसावं? काठीवाल्या माणसाला वाळूत चालता येईल का? आणि हे सगळं एका संध्याकाळी बसवायचा मोह मी करू का?

माहुलीचा प्रवासी:

ताई, कार नकोच. सातारहून रेल्वेनं या आणि आदल्या दिवशी या. कोयना दिवसाची गाडी, संध्याकाळी दादरला पोचवते. महालक्ष्मी आपल्याकडे मध्यरात्री येते आणि सकाळी दादरला सोडते, पण माहुलीच्या, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या, स्टेशनावर अपरात्री ताटकळत बसणं आप्पांना झेपणार नाही. कोयनाच घ्या. आप्पांना खालचाच बर्थ मागा, आणि परतीचंही आरक्षण आत्ताच करून टाका, दिवाळीच्या आसपास जागा मिळत नाही.

दादरला उतरलात की तिथून लोकल बदलायच्या फंदात पडू नका. मध्य रेल्वेकडून पश्चिमेला जाताना पुलावरच्या गर्दीत काठी घेऊन चालणं फार अवघड. बाहेर पडून सरळ टॅक्सी करा. रिक्षा दादरला मिळत नाहीत, त्या पुढे उपनगरात. तिथे मात्र मीटरनं जातात, भाव ठरवत बसायची गरज नाही.

पार्ल्याची सून:

माहेर वाईचं, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. माझे आईवडील येतात तेव्हा मी हेच सगळं करते.

राहायला विलेपार्ले बघा. मराठी वस्ती, साधं जेवण, आणि जुहू रिक्षाच्या अंतरावर. फक्त पूर्वेला राहण्याआधी विचार करा. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह पूर्वेला आहे, बाजारही छान आहे, म्हणून सगळे तिकडेच सुचवतील. पण नाटकाच्या दिवशी संध्याकाळी रूळ ओलांडून पश्चिमेला यायचं म्हणजे पुलावर किती वेळ जाईल सांगता येत नाही. तुमच्यासारखा चटका बसलेल्या माणसानं ती जोखीम घेऊच नये. पश्चिमेलाच खोली घ्या. फोनवर एकच प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? समुद्र दिसतो का ते विचारूच नका.

पृथ्वीबद्दल. जेमतेम दोनशे माणसांची जागा आहे आणि प्रेक्षक रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना बसतात. पुढच्या ओळीतल्या माणसासमोर नट अगदी हाताच्या अंतरावर असतो. बहुतेक प्रयोगांना माइक लागत नाही, नुसत्या आवाजावर नाटक चालतं, आणि आप्पांना तेच आवडेल. आसनांना नंबर नसतात, जो आधी आत जाईल त्याची जागा. त्यामुळे अर्धा-पाऊण तास आधी जा आणि तिथल्या माणसांना काठीचं सांगा. बाजूच्या भागात बसलात तर नट मध्येच पाठ करतो आणि तेवढी वाक्यं आप्पांची हुकतील. मधल्या भागात बसा, खालच्या ओळीत, रंगमंचाकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला. म्हणजे त्यांचा उजवा कान रंगमंचाकडे राहील. वरच्या ओळींच्या पायऱ्याही चढाव्या लागणार नाहीत.

सोमवारी पृथ्वी बंद असतं, ते लक्षात ठेवा. नोव्हेंबरात त्यांचा महोत्सव असतो, त्याची तिकिटं भराभर संपतात. आणि रंगभूमी दिनाचा हट्ट धरू नका. आप्पांना कळेल असं नाटक ज्या दिवशी असेल तो दिवस घ्या. मराठी प्रयोगही होतात तिथे.

एका संध्याकाळी सगळं नका बसवू. पहिल्या दिवशी समुद्र आणि मंदिर, दुसऱ्या दिवशी फक्त नाटक. त्या दिवशी दुपारी आप्पांना झोपू द्या.

भरती ओहोटी:

माझं लहानपण रत्नागिरीचं, आता वीस वर्षं जुहूत. वाळूबद्दल सांगतो.

गुडघे दुखणाऱ्याला कोरडी वाळू वाईट, पाय रुतून पिंढऱ्या भरून येतात. ओली वाळू टणक असते, तिच्यावर काठी टेकते. म्हणजे ओहोटी हवी. आमच्याकडचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं, जी वेळ येईल ती पूर्ण भरतीची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तेव्हा अष्टमीच्या आसपास सूर्यास्ताला गेलात तर पाणी वर चढलेलं असेल आणि बसायला कोरडी, मऊ वाळूच उरेल. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास संध्याकाळी पाणी फार लांब जातं आणि टणक वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. पंचांग बघूनच दिवस ठरवा, आणि नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात एकदा ताडून घ्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच वाजता या. रस्त्यापासून ओल्या वाळूपर्यंतचा मधला पट्टा हाच काय तो त्रासाचा, तेवढा दोघांनी धरून न्या. घडीची छोटी खुर्ची आणा. खाली बसलेल्या माणसाला वाळूतून उठवणं फार कठीण. पाण्यात पाय घालायचा मोह मात्र टाळा, पाणी स्वच्छ नाही. भेळ खा, गोळा नको, बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळत नाही.

इस्कॉनचं मंदिर दुपारी एक ते चारच्या सुमारास दर्शनाला बंद असतं, बरेच जण भर उन्हात परत फिरतात. सूर्यास्त बघून निघालात की संध्याकाळची सातची आरती आरामात मिळते.

आणखी एक. आप्पांना इतिहासाची आवड असेल तर किनाऱ्यावर बसल्यावर सांगा की १९२४ मध्ये तुरुंगवासातून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीसाठी इथे जुहूलाच येऊन राहिले होते. आणि डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तर ते जुहूच्या विमानतळाचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे तिथेच उतरले होते.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. डाव्या हाताला बसायचं हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. आप्पांना वाचून दाखवलं तर त्यांनी लगेच खुर्ची भिंतीकडे वळवून बसून बघितलं आणि म्हणाले, “बरोबर आहे, आवाज आतल्या कानावर येतो.” तिथीचा हिशोब आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर करून बघितला आणि दोन तारखांना पेन्सिलीनं गोल केले.

ठरलं ते असं: कोयना, पार्ले पश्चिम, पहिल्या दिवशी समुद्र आणि आरती, दुसऱ्या दिवशी नाटक. ५ तारखेचा हट्ट सोडला. सोडताना आप्पा थोडे हिरमुसले, पण “नाटक चांगलं पाहिजे, तारीख काय” असं म्हणाले.

एकच राहिलं. आप्पांना ती नक्कल बरोबर न्यायचीये. कुणाला दाखवायला नाही, नुसती पिशवीत असू दे म्हणतात. पृथ्वीत पिशवी आत नेऊ देतात का, की बाहेर ठेवावी लागते? ती वही ते कुणाच्या हातात देणार नाहीत, म्हणून आधीच विचारते.