'पिचर'ला गोलंदाज म्हणावे का?

प्रश्न : चार्ल्स 'ओल्ड हॉस' रॅडबर्न (१८५४–१८९७) या जुन्या व्यावसायिक बेसबॉलपटूवर टिपण लिहायचे आहे. 'पिचर'ला, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याला, 'गोलंदाज' चालेल?

–  व्युत्पत्तीने अडत नाही. गोलंदाज मुळात तोफखान्यातला. फारसी 'अंदाज' म्हणजे फेकणारा, तिरंदाजातला तोच. अडते ते क्रिकेटमुळे. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता फलंदाजापर्यंत जातो, तोही कोपर झटकून. क्रिकेटमध्ये कोपर झटकून केलेली फेक म्हणजे नोबॉल. 'पिचर'च ठेवा, पण पहिल्या उल्लेखात अर्थ द्या. मराठीत 'पिच' म्हणजे खेळपट्टी, त्यामुळे वाचकाला तो खेळपट्टी राखणारा वाटायचा! आणि 'फेक्या' तर नकोच, तो थापाड्या वाटतो.

–  क्रियापदही काळ बघून निवडा. बेसबॉलच्या १८४५च्या जुन्या निकरबॉकर नियमांत चेंडू 'पिच' करायचा होता, 'थ्रो' नाही. म्हणजे हात खालून आणून सोडायचा. तिथे 'टाकणे' बरे. खांद्यावरून फेकायची मोकळीक नॅशनल लीग या व्यावसायिक स्पर्धेने १८८४मध्ये दिली, आणि रॅडबर्नचा विक्रमी हंगाम तोच. तिथे 'फेकणे' चालेल. पिचर आणि फलंदाज यांतले अंतर तेव्हा ५० फूट होते, आजचे ६० फूट ६ इंच १८९३पासूनचे. वाचक आजचे अंतर धरून बसतो, म्हणून हे लिहाच.

–  खरी गफलत आकड्यांत होते. १८८४च्या हंगामात त्याने ६७८.२ डाव टाकले असे छापलेले दिसेल. हा दशांश नव्हे. एका डावात तीन बाद, म्हणून .२ म्हणजे दोन तृतीयांश; मराठीत '६७८ डाव आणि २ बाद' लिहावे. १.३८ ही सरासरीही क्रिकेटसारखी दर बळीमागची नाही, दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची आहे. त्यातही क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळलेल्या.

–  आणि 'त्याने ६० सामने जिंकले' असे मोघम नको. सामना त्याचा प्रॉव्हिडन्स ग्रेज संघ जिंकतो, श्रेय पिचरच्या नावावर लागते. तोच आकडा कुठे ५९ दिसेल. जुलैतल्या एका सामन्यात त्याच्याच संघातल्या मिलरने पहिले पाच डाव टाकले, उरलेले रॅडबर्नने. श्रेय कोणाचे, यावर एकाचा फरक पडतो. 'विजयाचे श्रेय : ५९ (काही नोंदींत ६०)' असे लिहिले की भागते.

प्रश्नकर्ता : मग '४४१ बळी' लिहू का?

–  नको. ते ४४१ फक्त 'स्ट्राइकआउट' आहेत, म्हणजे तीनदा चेंडू हुकवून किंवा सोडून बाद झालेले फलंदाज. झेल देऊन बाद झालेले त्यात धरलेलेच नाहीत.