बंद खाणीवरच्या कुरणात शेळ्या कधी सोडाव्यात? ट्रॅप कॅमेरेही लावायचेत

गायरान_बदनापूर:
मंडळी, आमच्या गायरानातली मुरमाची बंद खाण बुजवून सहा एकर सपाट केलीये. वर फूटभर काळी माती. गेल्या वर्षी जूनमध्ये अंजन, मारवेल ही गवतं आणि स्टायलो हा शेंगवर्गीय चारा पेरला, यंदाचा दुसरा पावसाळा. एका अंगाचा वीस फुटी कडा तसाच आहे, खाली पाणी साचतं. ४० उस्मानाबादी शेळ्या आणि काही गायी आहेत. दिवाळीनंतर सोडायचा विचार आहे. खोकड, ससे, मोर दिसतात म्हणून जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे तीन ट्रॅप कॅमेरे घेतलेत. किती दिवस चारावं? आणि कॅमेऱ्यात नुसत्या शेळ्याच येतील का?

कुरणवाला:
दिवाळी बघू नका, मुळं बघा. शेळी ओढते तसा गवताचा ठोंब मुठीत धरून ओढा. पाला तुटला तर चारा, मुळासकट उपटून आला तर यंदाही कापूनच घाला. बी झडल्याशिवाय तर नाहीच.

हिशोब असा: ऑक्टोबरच्या मध्यात एक मीटर बाय एक मीटरची चौकट दहा ठिकाणी टाका. दाट जागा निवडून टाकू नका, सगळे तिथंच फसतात. गवत चार बोटं वर ठेवून कापा, पूर्ण वाळवा, मोजा. सरासरी १५० ग्रॅम भरलं तर एकरी साधारण ६०० किलो वाळलेला चारा. जुन्या कुरणात निम्मा चारता येतो, भरावाच्या जमिनीत तिसरा हिस्साच धरा, म्हणजे २०० किलो. तीस किलोची शेळी दिवसाला किलोभर सुका चारा खाते. सहा एकरांत १२०० किलो, म्हणजे ४० शेळ्यांना ३० दिवस. तीन पट्टे करून दहा-दहा दिवस फिरवा. शेळ्या आधी स्टायलोवर पडतात. तो चार बोटांवर आला की दिवस उरले असले तरी पट्टा बदला.

एक गाय म्हणजे सातेक शेळ्यांचा चारा. गायी यंदा बाहेरच बऱ्या, खुरानं भराव दबतो. अवकाळी झालाच तर वाफसा येईपर्यंत, म्हणजे जमिनीचा चिखल सुकेपर्यंत, शेळ्याही आत नकोत.

माळपाखरू:
कॅमेऱ्यांचं सांगतो. एक चरणाऱ्या पट्ट्यात, एक न चरणाऱ्या तुकड्यात, एक पाण्याच्या वाटेवर. न चरणारा तुकडा नसेल तर पुढं तुलना कशाशी करणार? चराईआधी तीन आठवडे आणि नंतर तेवढेच दिवस चालवा.

खोकड, सशासाठी उंची ३० ते ४० सेंमी, तोंड उत्तरेला. पूर्व-पश्चिम ठेवलं की उन्हानं फोटो पांढरे पडतात. समोरचं तीन मीटर गवत कापा, नाहीतर वाऱ्यानं हलणाऱ्या काड्यांनीच कार्ड भरेल. माळावर झाड नसतं, म्हणून लोखंडी अँगल काँक्रीटमध्ये रोवतात. मग शेळ्या त्यालाच अंग घासतात आणि कॅमेरा आभाळाकडे फिरतो! बुडाशी बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या लावा.

दिवसा एक फोटो आणि मिनिटाची विश्रांती, रात्री तीन फोटो. एकाच जातीचे अर्ध्या तासातले फोटो एक नोंद धरा. एप्रिल-मेच्या दुपारी जमीन आणि जनावर सारखंच तापतं, मग कॅमेऱ्यातला उष्णता ओळखणारा सेन्सर गप्प राहतो. त्या दिवसांतलं शून्य खरं मानू नका.

गायरान_बदनापूर:
कडा पाडून उतार करावा का? शेळी पडायची भीती आहे.

माळपाखरू:
सगळा पाडू नका. दगडी कपारीत शृंगी घुबड घरटं करतं, मुरमाच्या उभ्या भिंतीत वेडे राघू बिळं कोरतात. वरच्या काठापासून पाचेक मीटर आत काटेरी कुंपण घाला. पाण्यात उतरायला मात्र एका बाजूनं सोपा उतार हवाच, सरळ काठाच्या डबक्यातून जनावर बाहेर येत नाही. थोडी उघडी खडी राहू द्या, टिटवी अंडी तिथंच घालते.

कुरणवाला:
डबक्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर आला की शेळ्यांना ते पाणी बंद, विषबाधा होते. राखणीच्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस टोचा. दोन्ही रोग खोकडाला लागतात. आणि वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेला कळप थेट आत घेऊ नका, बी लेंडीतून जिवंत पडतं. आठवडाभर बाहेर बांधून चारा.