मदत हवी आहे: मिरजेत बसून ब्रिटनचे चॅलेंजरवाले टेनिसपटू कसे बघायचे?

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी. प्रश्न बाबांचा आहे, टंकतेय मी.

मी नॉटिंगहॅमला असते. २०२४ च्या जूनमध्ये आईबाबा इथे आले होते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, मिरज आगार, निम्मी नोकरी मुक्कामी गाड्यांवर काढलेली. टेनिस म्हणजे फेडरर आणि नदाल एवढंच त्यांना माहीत. सुट्टीच्या दिवशी कुठे न्यायचं म्हणून त्यांना युनिव्हर्सिटी बुलेव्हार्डवरच्या टेनिस सेंटरला नेलं. चॅलेंजर स्पर्धेची, म्हणजे मोठ्या स्पर्धांच्या एक पायरी खालच्या स्पर्धेची फायनल होती, दोघेही ब्रिटिश. स्कॉटलंडचा जेकब फर्नली आणि इंग्लंडचा चार्ल्स ब्रूम. बाबा भर जूनमध्ये कानटोपी घालून बसले होते. ब्रूमने पहिला सेट घेतला, मॅच फर्नलीने. घरी येताना बाबा ट्राममध्ये गप्प. मग म्हणाले, "तो दुसरा आता कुठं जाईल?" मी म्हटलं पुढच्या गावाला, पुढच्या स्पर्धेला. "गाडीभाडं कोण देतं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात टीव्हीवर लंडनच्या क्वीन्स क्लबची स्पर्धा लागली. त्यात बिली हॅरिस नावाचा खेळाडू उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. समालोचक सांगत होता की हा आयल ऑफ मॅन बेटावर वाढलेला, आणि उमेदवारीच्या काळात तीन वर्षं युरोपभर व्हॅन घेऊन फिरला. स्पर्धेच्या गावी गाडी लावायची, त्यातच झोपायचं, सकाळी खेळायचं. मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा बाबा ताठ बसले. "अगं, हा तर मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर!"

तेव्हापासून तो आमच्या घरात 'व्हॅनवाला' आहे.

आता बाबा मिरजेत. जुन्या लॉगबुकासारखी वही आखली आहे: तारीख, गाव, कोणाशी, निकाल, शेरा. मराठी पेपरात चॅलेंजरची ओळही येत नाही, म्हणून रोज मला फोन. मी माझ्या परीने शोधते, पण माझंच ज्ञान तोकडं. तर मदत करा:

मॅच कुठे दिसेल, शक्यतो फुकट? एखाद्या स्पर्धेच्या यादीत नाव असतं आणि सोमवारी बघावं तर गायब, हे काय प्रकरण आहे? आणि बाबांची मुख्य तक्रार अशी की २०२५ च्या जूनमध्ये व्हॅनवाल्याचा जागतिक क्रमांक एकदम घसरला. "इतका वाईट खेळला नाही तो, मग कोणी पाडला?" असं ते मलाच रागावून विचारतात.

बेसलाईनवर_उभा

ताई, वही आखणारे बाबा आवडले.

मॅचचं सोपं आहे. एटीपी म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना, तिच्या संकेतस्थळावर चॅलेंजर टीव्ही म्हणून भाग आहे, तिथे मॅच थेट आणि फुकट दिसतात. एकच कॅमेरा, बऱ्याच मॅचना समालोचन नाही. चेंडूचा टप्पा, बुटांची करकर, मधूनच कोणीतरी खोकतं. सुरुवातीला कंटाळवाणं वाटेल, नंतर त्याचीच चटक लागते.

त्याखालच्या एम१५ आणि एम२५ स्पर्धा आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) अखत्यारीत येतात. तिथे चित्र दिसेलच असं नाही, गुणफलक मात्र आयटीएफच्या साइटवर थेट हलतो.

वेळेचं सांगून ठेवा. ब्रिटनमध्ये सकाळी अकराला सुरू होणारी मॅच आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेतीनला, हिवाळ्यात साडेचारला. पण ती फक्त पहिली मॅच. पुढच्यांना वेळच नसते, 'आधीची संपल्यावर' एवढंच लिहिलेलं असतं.

मुक्कामपोस्ट

हे बाबांना आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. आयुष्यभर वेळापत्रकावर गाडी सोडलेला माणूस, म्हणाले, "म्हणजे भरली की सुटणार. हे तर वडाप झालं!"

हिशेबनीस

क्रमांकाचं मी सांगतो, कारण यात सगळ्यांचाच घोळ होतो.

क्रमांक ठरतो स्पर्धांत मिळवलेल्या गुणांवर. हे गुण म्हणजे शिल्लक नव्हे, बरोबर ५२ आठवड्यांची मुदत असलेले पास आहेत. या वर्षी त्या सुमारास पुन्हा तेवढे मिळवले नाहीत तर जुने जातात आणि माणूस खाली येतो. त्यासाठी वाईट खेळावं लागत नाही.

तुमच्या व्हॅनवाल्याचाच हिशेब घ्या. २०२४ च्या जूनमध्ये क्वीन्सला उपांत्यपूर्व फेरी, त्याचे १०० गुण. लगेच पुढच्या आठवड्यात ईस्टबोर्नला उपांत्य फेरी, त्याचेही १००. दोन्ही ठिकाणी वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर. दोन आठवड्यांत २०० गुण! आता चॅलेंजरचा भाव बघा. 'चॅलेंजर ५०' स्पर्धा जिंकली तर ५० गुण, म्हणजे त्या दोन आठवड्यांची भरपाई करायला अशा चार स्पर्धा जिंकायला हव्यात. ५० च्या स्पर्धेत उपविजेत्याला २५, उपांत्य फेरीत हरलेल्याला १४, उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्याला ८. पहिल्याच फेरीत हरला तर भोपळा, विमानाचं तिकीट अंगावर.

तर २०२५ चा जून आला आणि ते २०० गळाले. कोणी पाडलं नाही, मुदत संपली. बाबांना वहीत एक रकाना वाढवायला सांगा: 'गेल्या वर्षी याच आठवड्यात काय केलं होतं'. मग घसरण आधीच दिसते.

आणखी एक. पहिल्या शंभरात येण्याचं सगळे बोलतात, पण या मंडळींची खरी धडपड साधारण २३० च्या आत राहण्याची असते, कारण तिथवर ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी खेळायला मिळते. विम्बल्डनची पात्रता फेरी विम्बल्डनला नसतेच, रोहॅम्प्टनच्या मैदानावर असते. तिथून तीन मॅच जिंकून मुख्य स्पर्धेत आलात की २०२५ च्या दराने नुसतं पहिल्या फेरीत हरलात तरी ६६,००० पौंड. गाडीभाड्याचं उत्तर बरंचसं यात आहे. २०२४ पासून एटीपीने किमान कमाईची हमीही सुरू केली. पहिल्या वर्षी १७६ ते २५० क्रमांकांसाठी ती ७५,००० डॉलर होती. २५१ व्या माणसाला काय? त्याला व्हॅन.

टायब्रेक_ताई

नाव गायब होण्याचं कारण: प्रवेशयादी साधारण तीन आठवडे आधी लागते, आणि खेळाडू एकाच आठवड्यासाठी दोनतीन गावी नाव टाकून ठेवतात. जिथे थेट मुख्य फेरीत जागा मिळेल तिथे जातात, बाकीच्या ठिकाणांहून नाव काढतात. त्यांच्या जागी यादीतले पुढचे सरकतात, त्यांना अल्टरनेट म्हणायचं. तुमच्या बाबांच्या भाषेत स्पेअरला बसलेला ड्रायव्हर. कोणी आजारी पडला की ड्यूटी लागते. मुख्य फेरीत ३२ जण, त्यातले ६ पात्रता फेरीतून येतात. पात्रता फेरीत हरूनही आयत्या वेळी आत घेतलेला तो लकी लूझर. म्हणून यादी नाही, स्पर्धा सुरू होताना लागलेला ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी याचा तक्ता बघायचा.

एक विनंती. गुण दाखवणारी बरीच ॲप सट्ट्याच्या जाहिरातींनी भरलेली असतात. माझ्या सासऱ्यांनी एकदा चुकून तिथे खातं उघडलं होतं. बाबांच्या फोनवर एटीपीचंच ॲप टाका.

रूफटॉप

एकट्या व्हॅनवाल्यावर थांबू नका, वहीत पानं आहेत तर भरा. रायन पेनिस्टन, साउथएंडचा डावखुरा. बाळ असताना कर्करोगातून वाचलेला. २०२२ ला क्वीन्समध्ये त्याने नावाजलेल्या कॅस्पर रूडला हरवलं होतं. पॉल जब, हलचा, आजीने वाढवलेला. २०२२ च्या विम्बल्डनमध्ये नावाजलेल्या किर्गिओसला पाच सेट झुंजवलं. हेन्री सर्ल, २०२३ चा विम्बल्डनचा मुलांचा विजेता. १९६२ नंतर असा ब्रिटिश मुलगा तोच.

आणि ऑलिव्हर टार्वेटची गोष्ट बाबांना मुद्दाम सांगा. ७३३ व्या क्रमांकावर असताना २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पात्रता फेरीतून आत आला, एक मॅच जिंकला, पुढे गतविजेत्या अल्काराझशी खेळला. दुसऱ्या फेरीचं बक्षीस ९९,००० पौंड. पण तो अमेरिकेत कॉलेजकडून खेळत होता. तिथल्या कॉलेज-खेळाच्या नियमांनी तेव्हा वर्षाला १०,००० डॉलर आणि खर्च, एवढंच घेता येत होतं. हिशेबनीस यांनी यावर रकाना सुचवावा.

ब्रूमचं विचारलं नाहीत तुम्ही. तो डार्टमथ आणि बेलर विद्यापीठांतून शिकून आलेला. फर्नली नॉटिंगहॅमला आला तेव्हा पाचशेच्या पलीकडे होता, वर्ष संपेपर्यंत पहिल्या शंभरात. दोघांमध्ये त्या दिवशी एका सेटचा फरक होता, हे डोक्यातून जात नाही.

बालेवाडीकर

ताई, बाबांना स्क्रीनसमोर कशाला बसवता? चॅलेंजर आपल्याकडे येते. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी फेब्रुवारीत पुण्यात बालेवाडीला झाली. मी दुपारी गेलो की मागच्या रांगा रिकाम्या, हवं तिथे बसा. २०२४ ला व्हालेंतॅं व्हाशरो नावाचा मोनाकोचा खेळाडू इथे जिंकला, तेव्हा मी टाळ्या वाजवून घरी येऊन विसरून गेलो. तोच पुढे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये २०४ व्या क्रमांकावरून शांघाय मास्टर्स जिंकला. आता लोकांना सांगत सुटलोय की मी पाहिलाय, कोणी विश्वास ठेवत नाही.

आणि तुमचा व्हॅनवाला २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीत फायनल खेळून गेला. ठाऊक नव्हतं?

मुक्कामपोस्ट

नव्हतं हो! बाबा मिरजेत, तो दिल्लीत, आणि मी इथे बसून त्या आठवड्यात त्यांना सांगत होते की मला काही सापडत नाही. हे त्यांना सांगायला धीर झाला नाही, आईला सांगितलं. तिने लगेच सांगून टाकलं.

त्यांचा फोन आला होता. चिडले नाहीत. नवा रकाना आखून झालाय. फेब्रुवारीच्या पानावर लिहिलंय "दिल्ली, अंतिम फेरी, पराभूत", आणि शेऱ्यात "आपली गाडी चुकली".

आता दोन प्रश्न उरले. पुण्याच्या स्पर्धेची यादी जानेवारीच्या अखेरीस लागेल असं धरू का? आणि बालेवाडीकर, स्टेशनपासून स्टेडियमपर्यंत बस कोणती? रिक्षाला ते तयार होणार नाहीत.